मणीकामाचा छंद: तयार संच घ्यावा की जुन्या नाशकातला सुटा माल?

मण्यांचे दागिने करण्याचा छंद मनाला विसावा देतो, असे पुष्कळ जण सांगतात आणि माझाही अनुभव तोच आहे. मात्र त्या सांगण्यात एक अट बहुधा राहून जाते. मणी एकसारखे नसतील, सुई भोकातून दुसऱ्यांदा जात नसेल आणि दोरा मध्येच पिंजत असेल, तर दिवसभराच्या कामानंतर उरलेला धीरही हा छंद संपवून टाकतो. विसावा मिळणे किंवा न मिळणे हे शिकणाऱ्याच्या स्वभावापेक्षा त्याच्यासमोरच्या साहित्यावर अधिक अवलंबून असते, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि म्हणून नाशकात हा छंद सुरू करू पाहणाऱ्यांसाठी मी येथे साहित्याचेच सविस्तर परीक्षण करीत आहे. ऑनलाइन मिळणारा नवशिक्यांचा तयार संच, जुन्या नाशकातल्या कानडे मारुती लेन व मेन रोडच्या परिसरातला सुटा माल, आणि तुलनेसाठी मागवलेले जपानी मणी, अशा तीन प्रकारच्या साहित्यावर मी हातातल्या पट्ट्या, कानातली, माळा आणि नथी करून पाहिल्या आहेत.

तयार संचापासून सुरुवात करते. पारदर्शक प्लास्टिकचा कप्प्याकप्प्यांचा डबा, प्रत्येक कप्प्यात वेगळ्या रंगाचे काचेचे बारीक मणी, त्यांच्या जोडीला इंग्रजी अक्षरे छापलेले प्लास्टिकचे चपटे मणी, इलॅस्टिकचे एक रीळ, छोटी कात्री, चिमटा आणि मूठभर कड्या व हूक, असे त्याचे स्वरूप असते. जवळपास हाच डबा निरनिराळ्या नावांनी विकला जातो, त्यामुळे मी घेतलेल्या संचाचे नाव सांगून फारसे काही साधणार नाही. डबा उघडल्यावर रंगांची रांग पाहून मन प्रसन्न होते, हे मान्य केलेच पाहिजे, आणि शाळकरी मुलांना सुट्टीतल्या एखाद्या दुपारी मैत्रिणींची नावे गुंफून हातातल्या माळा करायच्या असतील, तर त्या कामाला हा संच पुरेसा आहे. अडचण येते ती मोठ्या माणसाने त्यातून टाक्यांचे विणकाम करायला घेतल्यावर. एकाच कप्प्यातला एक मणी चपटा, दुसरा लांबट, तिसऱ्याचे भोक काचेने अर्धवट बुजलेले, अशी स्थिती असल्याने प्रत्येक ओळीपूर्वी तांदळातले खडे निवडावेत तसे मणी निवडावे लागतात, आणि निवडूनही पट्टी विणली तर तिची कड नागमोडी येते. माझ्या संचातल्या गुलाबी आणि जांभळ्या मण्यांचा रंग ओल्या रुमालाला लागला. इलॅस्टिकची माळ काही आठवड्यांत सैल पडली. हूक इतके मऊ होते की चिमट्याच्या पहिल्याच दाबाने वाकडे झाले. डबा तेवढा उत्तम आहे. आता त्यात मी दुसरे मणी ठेवते.

मण्यांच्या मापांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण संचाच्या वेष्टनावर ही माहिती नीट दिलेली नसते आणि दुकानात माप सांगता आले नाही तर हवा तो माल मिळत नाही. काचेच्या बारीक मण्यांची मापे ६/०, ८/०, ११/०, १५/० अशी लिहितात आणि त्यातला आकडा जितका मोठा, तितका मणी लहान असतो. ६/० मापाचा मणी साधारण ४ मिलिमीटरचा, ८/० सुमारे ३ मिलिमीटरचा, ११/० सुमारे २ मिलिमीटरचा आणि १५/० जवळपास दीड मिलिमीटरचा असतो. तयार संचांमध्ये बहुधा ३ किंवा ४ मिलिमीटरचे मणी देतात, आणि ते नवशिक्याला सोपे म्हणून देतात, हे योग्यच आहे. पण एकदा हात बसला की ११/० या मापाकडे वळावे. अनेक नमुने याच मापावर बेतलेले असतात, तयार झालेला दागिना अंगाला नाजूक दिसतो, आणि मणी लहान असूनही सुई त्यातून दोन-तीन वेळा सहज जाऊ शकते.

आता जुन्या नाशकाकडे वळते. रविवार कारंजावर उतरून मेन रोडच्या दिशेने पायी निघावे, हेच सोयीचे. गाडी घेऊन त्या गल्ल्यांत शिरण्याचा विचारही करू नये. कानडे मारुती लेनमध्ये बांगड्या, कटलरी, इमिटेशनचे दागिने आणि भरतकामाचे साहित्य विकणारी दुकाने एकमेकांना खेटून आहेत, आणि मणी मिळतात ते प्रामुख्याने या भरतकामाच्या साहित्यात. बारीक गोल मणी, लांबट नळी, पैलू पाडलेला कटदाणा, मोती, टिकल्या, असा माल पुड्यांमध्ये बांधून टांगलेला असतो. दुकानदार तो ब्लाऊजवर आणि साडीच्या काठावर काम करणाऱ्यांच्या हिशेबाने ठेवतात, त्यामुळे रंगांची निवड साड्यांच्या रंगांप्रमाणे असते: राणी, मोरपंखी, चिंतामणी, आमसुली, आणि सोनेरीच्या तर अनेक छटा. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. तयार संचातले रंग कोणत्याही देशातल्या मुलांच्या खेळण्यात शोभतील असे असतात. येथे मात्र आपल्या पैठणीच्या काठाशी जुळणारा मणी साडीचा पदर सोबत नेऊन, उजेडात धरून निवडता येतो.

या मालाचा दर्जा सरसकट चांगला किंवा वाईट म्हणता येत नाही, आणि येथेच ग्राहकाला स्वतःचे डोळे वापरावे लागतात. भारतात काचमण्यांसाठी उत्तर प्रदेशातील वाराणसी आणि हाथरस जिल्ह्यातील पुरदिलनगर ही ठिकाणे नावाजलेली आहेत, आणि वाराणसीच्या काचमण्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. परंतु टांगलेल्या पुडीवर त्यातला माल कोठला हे लिहिलेले नसते. म्हणून मी सोबत एक सुई आणि ओला रुमाल नेते. पुडी दुकानदाराच्या परवानगीने कागदावर थोडी उघडून दहा-बारा मणी सुईवर ओवले आणि सुई आडवी धरली की त्यांची वरची रेषा सरळ आहे की खालीवर, हे लगेच कळते. चार मणी ओल्या रुमालात चोळले की वरून लावलेला रंग असेल तर तो उतरतो. आतून चंदेरी मुलामा दिलेले मणी दिव्याखाली फार सुंदर दिसतात, पण घाम आणि हवा लागून तो मुलामा कालांतराने काळवंडतो. त्यामुळे रोज वापरायच्या दागिन्यासाठी ज्यांची काच मुळातच रंगीत आहे असे मणी घ्यावेत. घरी आल्यावर नखांचा रंग काढण्याच्या द्रवाचा एक थेंब लावून पाहिला तर उरलेली शंकाही फिटते. मला भेटलेल्या बहुतेक दुकानदारांनी या तपासणीला हरकत घेतली नाही. "ताई, दागिन्याला पाहिजे असेल तर ही पुडी नका घेऊ, ही साडीच्या कामाची आहे," असे एका वयस्कर विक्रेत्याने आपणहून सांगितले, आणि त्यांनी आतून काढून दिलेले मणी खरोखरच अधिक एकसारखे होते. लग्नसराईत आणि दिवाळीच्या तोंडावर मात्र इतका वेळ कोणाला नसतो, म्हणून सकाळी दुकाने उघडल्यानंतर लगेच जावे. पावसाळ्यात गोदावरीला पूर असेल तर सराफ बाजार आणि दहीपूल या सखल भागांत पाणी शिरते, त्या दिवसांत ही खरेदी पुढे ढकलावी हे उत्तम.

मण्यांपेक्षाही अधिक दुर्लक्षित राहतो तो दोरा. आपल्याकडे मण्यांसाठी सर्रास तंगूस वापरतात. तो स्वस्त असतो, ताठ असल्यामुळे सुईविनाही मण्यांतून जातो, आणि गजऱ्यासारख्या एक-दोन दिवसांच्या कामाला योग्यही आहे. पण दागिन्यात तो कालांतराने कडक आणि ठिसूळ होतो, गाठ घसरते, आणि विणलेली पट्टी मनगटावर वळण्याऐवजी ताठ उभी राहते. त्याऐवजी मणीकामासाठी मिळणारा नायलॉनचा पीळदार दोरा, किंवा मासेमारीसाठी तयार केलेली विणीची बारीक दोरी घ्यावी. ही दुसरी वस्तू मणीकामासाठी बनलेली नसूनही जगभरच्या मणीकारांनी ती आपलीशी केली आहे, कारण ती ताणत नाही आणि काचेच्या भोकाच्या धारेने सहसा कापली जात नाही. नायलॉनच्या दोऱ्यावरून मधमाशीच्या मेणाचा तुकडा एकदा फिरवला की तो पिंजत नाही आणि टाका जागेवर धरून ठेवतो. सुई १० किंवा १२ क्रमांकाची, खास मण्यांची, घ्यावी. सुयांच्या क्रमांकातही आकडा वाढला की सुई बारीक होते. साध्या शिवणकामाच्या सुईचे नेढे मणी अडवते, आणि जोर लावला की मणी फुटतो.

दोरा हा कोणत्याही माळेतला सर्वांत आधी संपणारा भाग असतो, याचा एक विलक्षण अपवाद आपल्या शेजारच्या जिल्ह्यात सापडलेला आहे. नेवासे येथे डेक्कन कॉलेजने हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगातील एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि तिच्या मण्यांमध्ये दोऱ्याचे अवशेष टिकून राहिले होते; तपासणीत त्यात रेशीम व कापूस आढळले. तांब्याचे क्षार लागलेले धागे कुजण्यापासून वाचतात. त्याहून कितीतरी जुने मणी चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे मिळाले आहेत: शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. आपल्या भागात माणसे इतक्या पूर्वीपासून भोके पाडून माळा ओवत आली आहेत, हे कळल्यापासून मला या कामाविषयी अधिकच आदर वाटू लागला आहे.

विसाव्याचा प्रश्न मी सुरुवातीलाच काढला, त्याविषयी आता नीट लिहिते. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने तल्लीनतेच्या अवस्थेचा दीर्घकाळ अभ्यास केला. कामाचे उद्दिष्ट स्पष्ट असेल, आपण करतो ते बरोबर की चूक हे लगेच कळत असेल, आणि कामाची कठीणता आपल्या कौशल्याला साजेशी असेल, तर माणूस त्यात रमतो आणि वेळेचे भान हरपते, असे त्यांच्या मांडणीचे सार आहे. काम फार सोपे असेल तर कंटाळा येतो आणि फार अवघड असेल तर अस्वस्थता वाढते. मणीकाम या मांडणीत चपखल बसते. एका वेळी एक मणी उचलायचा, तो एका ठरलेल्या मण्यातून न्यायचा, दोरा ओढायचा. चुकले तर पुढच्याच टाक्यात नक्षी बिघडलेली दिसते आणि सुई मागे घेऊन दुरुस्ती करता येते. हात गुंतलेले असल्यामुळे फोन उचलला जात नाही, हाही एक मोठा लाभ आहे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे चित्रे, कोलाज किंवा मातीकाम केले, आणि त्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या तणावाशी निगडित संप्रेरकाची पातळी उतरली. त्या अभ्यासात मणीकाम नव्हते आणि सहभागी लोकांची संख्याही लहान होती, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करणे योग्य नाही; परंतु कलेचा पूर्वानुभव असणे आवश्यक ठरले नाही, हा त्यातला निष्कर्ष नवशिक्यांना धीर देणारा आहे.

याच कारणाने तयार संच मला अपुरा वाटतो. त्यात एक तर नुसती ओवणी असते, जी मोठ्या माणसाला थोड्याच वेळात कंटाळवाणी होते, किंवा चित्रात दाखवलेली किचकट फुले असतात, जी त्यातल्या ओबडधोबड मण्यांनी जमत नाहीत. मधली पायरीच नसते. माझ्या मते पहिल्यांदा दोन रंगांची साधी आवर्तने असलेली माळ ओवावी, त्यानंतर सहा मण्यांच्या वर्तुळात सातवा मणी बसवून फुलांची साखळी करावी, आणि मग पेयोटी नावाचा टाका शिकावा. या टाक्यात प्रत्येक नवा मणी मागच्या ओळीतल्या दोन मण्यांमधल्या खाचेत बसतो, त्यामुळे वीण विटांच्या भिंतीसारखी दिसते आणि मोजत बसावे लागत नाही. खाच दिसली की मणी बसवायचा. पहिल्या तीन ओळी हातातून निसटतात आणि त्या वेळी शेजारी शिकवणारी व्यक्ती असेल तर फार बरे पडते. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या बाजूला अधूनमधून होणाऱ्या एक दिवसाच्या कार्यशाळा केवळ या तीन ओळींसाठीही उपयुक्त आहेत, मात्र तेथे शुल्कात बहुधा साहित्याचाही समावेश असतो, म्हणून कोणते मणी देणार हे आधी विचारून घ्यावे.

पेयोटी टाक्याने जपानी मण्यांची खरी ओळख होते. मियुकी आणि तोहो या दोन्ही कंपन्या जपानमधील हिरोशिमा प्रांतातल्या आहेत. मियुकीचे डेलिका नावाचे मणी गोल नसून लहान नळकांड्यासारखे असतात. भिंत पातळ, भोक मोठे आणि लांबी जवळपास तंतोतंत सारखी. ११/० मापाचे हे मणी एका ग्रॅममध्ये सुमारे २०० बसतात, तर त्याच मापाचे गोल मणी ११० च्या आसपास. बारा मणी रुंदीची, साधारण मनगटाच्या मापाची पट्टी विणायला नळकांडी मण्यांचे सहा ते सात ग्रॅम लागतात, त्यामुळे १० ग्रॅमची एक पुडी एका दागिन्याला पुरून उरते. ही पट्टी विणताना काय होते ते शब्दांत सांगणे अवघड आहे, तरी सांगते: मणी निवडावा लागत नाही, सुई कोठे अडत नाही, प्रत्येक मणी खाचेत गेला की कड आपोआप सरळ राहते, आणि काही ओळींनंतर हात आपला वेग स्वतःच ठरवू लागतो. किंमत आपल्या बाजारातल्या मण्यांच्या कित्येक पट आहे, आणि नाशकात हे मणी मला दुकानात मिळाले नाहीत, टपालाने मागवावे लागले. तरीही चोवीस रंगांच्या डब्याऐवजी दोनच रंगांच्या अशा दोन पुड्या घेणाऱ्याला हा छंद अधिक काळ टिकवता येईल, असे मला निश्चितपणे वाटते. झेक प्रजासत्ताकातल्या याब्लोनेत्स या गावच्या मण्यांचीही जगात मोठी ख्याती आहे. ते किंचित अधिक गोलसर आणि मापात थोडे सैल असतात, त्यामुळे पट्टीपेक्षा पीळदार गोफासारख्या विणीत ते अधिक शोभतात.

असे असले तरी जपानी मण्यांवाचून काही अडते, असा समज कोणी करून घेऊ नये, कारण आपल्या घरांत मण्यांचे काम यापूर्वीही होतच होते. रुखवतातली मण्यांची महिरप, लग्नातल्या मोत्यांच्या मुंडावळ्या, संक्रांतीला नव्या सुनेसाठी आणि बाळाच्या बोरन्हाणासाठी होणारे हलव्याचे दागिने, गौरींसाठी घरीच ओवलेल्या माळा, हे सारे जुन्या नाशकातल्या साहित्यावर उत्तम होते. यांतला मला सर्वाधिक समाधान देणारा प्रकार म्हणजे मोत्यांची नथ. तिला लागणारे सर्व काही कानडे मारुती लेनमध्ये एका फेरीत मिळते: पितळी किंवा सोनेरी मुलाम्याची तार, ३ ते ५ मिलिमीटरचे मोती, मध्यभागी बसवायचा गुलाबी वा हिरवा खडा, आणि नाक टोचलेले नसेल तर चापाचा साचा. तारेच्या गेजमध्येही आकडा वाढला की जाडी कमी होते. नथीच्या मुख्य दांडीला २० गेजची, म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटरची, तार घ्यावी आणि मोती गुंफायला २८ गेजची, जी ०.३ मिलिमीटरपेक्षा किंचित जाड असते. प्लास्टिकच्या मोत्यांवरचा थर भोकाजवळ सोलला जातो, म्हणून काचेचे मोती मागावेत. ते हातात थंड आणि जड लागतात, यावरून ओळखू येतात. तारेचे कापलेले टोक मोत्याच्या आत वळवून घेणे मात्र अत्यावश्यक आहे, कारण नथ त्वचेच्या अगदी जवळ असते.

त्वचेचा विषय निघालाच आहे, तर कड्या, हूक आणि कानातल्या तारांविषयी सावध करणे माझे कर्तव्य समजते. बाजारात जर्मन सिल्व्हर या नावाने मिळणाऱ्या धातूत चांदी अजिबात नसते; तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. निकेलमुळे अनेकांच्या त्वचेला खाज सुटते, पुरळ येते, आणि एकदा ही संवेदनशीलता निर्माण झाली की ती सहसा जात नाही. स्वस्त संचांतले हूक कोणत्या धातूचे आहेत हे लिहिलेले नसते. म्हणून मी मणी कानडे मारुती लेनमध्ये घेते आणि कानातल्या तारा व हूक सराफ बाजारात चांदीचे घेते. चांदी ९२५ शुद्धतेची असावी, वजन समोर करून घ्यावे आणि पावती मागावी. एका जोडीला लागणारी चांदी अगदी थोडी असते, आणि दागिना मोडला तरी त्या तारा दुसऱ्या कानातल्यांना वापरता येतात.

सराफ बाजारात गेल्यावर गाठवणाऱ्या कारागिरांची सेवा अवश्य अनुभवावी. मंगळसूत्राची काळी पोत, तन्मणी, मोत्यांच्या सरी गाठवून देण्याचे काम हे कारागीर करतात, आणि दोरा खिळ्याला किंवा पायाच्या अंगठ्याला अडकवून ज्या वेगाने ते दोन मोत्यांच्या मधोमध गाठ बसवतात, तो पाहण्यासारखा असतो. प्रत्येक मोत्यानंतर गाठ असल्यामुळे दोरा तुटला तरी एकच मोती निसटतो आणि मोती एकमेकांवर घासून झिजत नाहीत. मी एक जुनी मोत्यांची सर गाठवून घेतली. काम समोर बसून झाले, गाठींमधले अंतर शेवटपर्यंत सारखे राहिले, आणि मजुरी वाजवी होती. समोर बसून पाहिल्यामुळे सुईच्या टोकाने गाठ मोत्यापर्यंत सरकवत नेण्याची रीत मला शिकता आली, जी कोणत्याही तयार संचाच्या पत्रकात दिलेली नव्हती. कारागिराला वेळ असेल तेव्हाच प्रश्न विचारावेत, एवढे भान ठेवावे.

घरातल्या मांडणीसाठी वेगळा खर्च करण्याचे कारण नाही. मण्यांचे म्हणून विकले जाणारे लाकडी ताट मी पाहिले आहे. स्टीलच्या ताटात मखमलीचा तुकडा अंथरला तर तेच काम होते, कारण मखमलीवर मणी घरंगळत नाही आणि सुईच्या टोकाने अलगद उचलता येतो. उन्हाळ्यात पंखा चालू असताना काम करायचे असेल तर दोरा हातभरच घ्यावा, अन्यथा तो उडून गुंतत राहतो. चाळिशी लागलेल्यांनी चष्मा लावूनच बसावे आणि दिवा पांढऱ्या प्रकाशाचा, डाव्या खांद्यावरून येणारा असावा. डावखुऱ्यांनी तो उजवीकडून घ्यावा. अर्ध्या-पाऊण तासाने उठून नजर लांब टाकावी, मान आणि बोटे मोकळी करावीत. घरात तीन वर्षांखालील मूल असेल तर हे काम त्याच्या निजल्यावरच करावे आणि उठताना जमीन पुसून घ्यावी, कारण नाकातोंडात जाणारा मणी ही खरी भीती आहे. चुंबकाचे मणी तर लहान मुलांच्या घरात आणूच नयेत. एकापेक्षा अधिक गिळले गेले तर ते आतड्यात एकमेकांना ओढून गंभीर इजा करतात.

खर्चाचा हिशेब मांडायचा तर दोन रंगांचे चांगले काचमणी, सुयांचे पाकीट, नायलॉनचा दोरा, मेणाचा तुकडा आणि काही कड्या हे सर्व जुन्या नाशकात पाचशे रुपयांच्या आत होते आणि त्यावर महिनाभराच्या संध्याकाळी आनंदात जातात. तयार संचही जवळपास तेवढ्याच पैशांत येतो, परंतु तो मी केवळ मुलांसाठी किंवा कप्प्यांच्या डब्यासाठी घ्यावा असे म्हणेन. जपानी मणी दुसऱ्या टप्प्यावर, पेयोटीच्या तीन ओळी जमल्यानंतर, मागवावेत.

कानडे मारुती लेन व मेन रोडच्या दुकानदारांना माझ्या दोन विनंत्या आहेत. पुडीवर मण्याचे माप आणि रंग टिकाऊ आहे की वरून दिलेला आहे एवढे लिहिले, तर दागिने करणाऱ्या ग्राहकाला प्रत्येक पुडी उघडायला लावावी लागणार नाही. दुसरी विनंती अशी की शंभर ग्रॅमच्या पुडीबरोबरच दहा-दहा ग्रॅमच्या पुड्याही ठेवाव्यात. छंद म्हणून काम करणारी व्यक्ती एका रंगाचे शंभर ग्रॅम वर्षभरातही संपवू शकत नाही, पण दहा ग्रॅमचे आठ रंग मात्र आनंदाने घेऊन जाईल.